मी खाल्लेली एन्ट्रॉपी

माझ्या नातीच्या बी.एस्सी.च्या अभ्यासातला एक धडा मी खाल्लेला आहे. कच्च्या शेंगदाण्यांसोबत.

हे वाक्य कागदावर यायला सात वर्षं लागली. मधल्या काळात ती हकिगत आमच्या घरात शंभरदा सांगून झाली, त्या नातीच्या, श्रुतीच्या, लग्नात सांगून झाली, आणि आता श्रुती धुळ्याच्या ज्या कॉलेजात शिकवते तिथे दरवर्षी नव्या वर्गापुढे सांगितली जाते. मुलं पोट धरून हसतात. आणि दर वेळी सगळा दोष माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे अक्काच्या, माथी जातो. मीही हसतो. (इतरांपेक्षा जरा मोठ्यानेच.) आता मी शहात्तरचा झालो आणि ती ब्याऐंशीची. तेव्हा एकदा काय ते खरं लिहून ठेवतो.

आधी माझ्याविषयी. मी एस.टी.त वाहतूक नियंत्रक होतो. जळगाव स्थानकाच्या त्या खिडकीत बसून तीस वर्षं "एरंडोल, पारोळा मार्गे धुळ्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे" असं मी गावाला सांगितलं, आणि वेळापत्रकाचा फलक स्वतःच्या हाताने लिहिला. त्या फलकावर एक अक्षर वाकडं गेलं तर मला दुपारचं जेवण जात नसे. हा स्वभाव लक्षात ठेवा. पुढे तोच नडला.

श्रुती तेव्हा शेवटच्या वर्षाला होती. रसायनशास्त्र. एप्रिल संपत आला होता, जळगावचं ऊन टाळूतून आत शिरत होतं, आणि पोरीने परीक्षेचा असा धसका घेतला होता की सकाळी पोहे समोर आले तरी ती बशी परत सरकवायची. पाठ केलेलं संध्याकाळी आठवेना. मग ती रडायची, मग "रडण्यात वीस मिनिटं गेली" म्हणून पुन्हा रडायची.

तिला बरं वाटावं म्हणून घरातले सगळे कामाला लागले. माझी सून वंदना तासातासाला लिंबू सरबत घेऊन दारात उभी. मुलगा प्रकाश ऑफिसातून फोन करून विचारायचा, "टेन्शन घेत नाहीये ना ती?" हे तो दिवसातून सहा वेळा, तिलाच विचारायचा! आणि मी? मी तिच्या अभ्यासाचं वेळापत्रक लिहून भिंतीवर लावलं, आणि दर तासाला दाराबाहेर उभं राहून घोषणा सुरू केली.

"भौतिक रसायन दहा मिनिटे उशिराने धावत आहे! विद्यार्थ्यांनी नोंद घ्यावी!"

तिसऱ्या दिवशी श्रुतीने दार उघडून हात जोडले. "नाना, तुमच्या पाया पडते. तुमची घोषणा ऐकली की मला वाटतं माझी गाडी सुटली."

घोषणा बंद झाली.

शेवटी उपाय तिचा तिनेच शोधला. कॉलेजात कुणी समुपदेशक बाई आल्या होत्या. त्यांनी सांगितलं, जेवढ्याची भीती वाटते तेवढं सगळं एका जागी लिहून काढा, म्हणजे भीती केवढी ते डोळ्यांना दिसतं. श्रुतीने जेवणाच्या टेबलावरचा जाड, पारदर्शक प्लास्टिकचा कागद काढला आणि फळ्यावर लिहायच्या, पुसता येणाऱ्या मार्करने त्यावर आख्ख्या विषयाची सूत्रं लिहिली. निळी, लाल, हिरवी. मग तो खिडकीत टांगला. सकाळचं ऊन त्यातून आलं की खोलीभर सूत्रं पसरायची. रोज सकाळी ती त्याच्यासमोर पाच मिनिटं उभी राहायची आणि म्हणायची, "एवढंच आहे. याच्याबाहेर काही नाही." त्यानंतर पोहेही खायची.

पोरगी त्या कागदावर तगून होती. हे मला पक्कं माहीत होतं. (म्हणजे अजाणतेपणाची सबबही मला उरलेली नाही.)

अक्का याच दिवसांत धुळ्याहून आली. माझी पत्नी गेल्यापासून दर उन्हाळ्यात ती आठ दिवस येऊन आमच्या वर्षभराच्या बिबड्या घालून द्यायची. ज्वारीचं पीठ शिजवून त्याचा घाटा करायचा, लसूण, मिरची, तीळ घालायचे, आणि तो गरम असतानाच ओल्या हाताने थापून गोल बिबड्या गच्चीवर वाळत टाकायच्या. अक्का शाळेत गेली नाही. मला शाळेत घालता यावं म्हणून ती घरची गुरं बघायची. बोलते अजूनही आपली खान्देशीच. मी मात्र घोषणा करकरून शुद्ध झालो!

आल्या आल्या तिने श्रुतीचा उतरलेला चेहरा पाहिला आणि तिला घाट्याच्या भल्या मोठ्या पातेल्यापाशी नेलं.

"हाई दख. इतला घाटा दखीसन माले बी भ्याव वाटस. पन घालानी ते एकेकच बिबडी ना?"

श्रुती बऱ्याच दिवसांनी हसली. "अक्काआजी, बाई हेच म्हणाल्या गं! पण त्यांना पाऊण तास लागला."

आता तो दिवस. पेपरला दोन दिवस होते. श्रुती हॉल तिकीट आणायला कॉलेजात गेली होती, वंदना खाली दुसरं पातेलं ढवळत होती आणि अक्का गच्चीवर होती. बिबड्यांनी माझी जुनी दोन धोतरं भरली. घाटा उरला. वरून हाक आली.

"नाना! कागद लई ये रे! घाटा थंडा हुई ऱ्हायना!"

बिबड्यांसाठी आमच्याकडे प्लास्टिकचा एक वेगळा कागद होता. कोठीत गेलो. नव्हता. मग आठवलं, तो मीच गेल्या महिन्यात माझ्या स्कूटरवर धूळ बसू नये म्हणून स्कूटरच्या मापाने कापला होता.

"नाना! लवकर!"

घाटा थंड झाला की थापता येत नाही, फेकून द्यावा लागतो. आणि मग अक्का विचारणार, कागद कुठे गेला? तिला सांगायचं, की स्कूटरला नेसवला? मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि खिडकीकडे पाहिलं.

मी अगदीच मूर्ख नव्हे. मी विचार केला. लिहिलेली बाजू खाली ठेवायची, कोरी बाजू वर. बिबड्या कोऱ्या बाजूवर. तासाभरात ऊन चढलं की सोडवायच्या आणि श्रुती यायच्या आत कागद खिडकीत. कुणाला कळणार?

गच्चीवर नेऊन मी तो बरोबर तसाच अंथरला. चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. आणि उभा राहून पाहिलं, तर सगळी अक्षरं उलटी! पारदर्शक कागद, लिहिलेली बाजू खाली, म्हणजे ती उलटी दिसणारच. पण तीस वर्षं फलक लिहिलेल्या माणसाला उलटी अक्षरं बघवतात का? मला वाटलं, घाईत उलटा टाकला वाटतं. विटा काढल्या. कागद पालटला. अक्षरं सरळ केली. समाधानाने हात झटकले.

अक्काने पाहिलं. "हाऊ कोना कागद शे? याले रंग काबर लागेल शे?"

"जुना शे, अक्का. दुकाननी जाहिरात शे," मी म्हणालो.

वाचता येत असतं तर ती तिथेच म्हणाली असती, की एवढी डेल्टा कोणत्या दुकानात मिळतात? तिने विश्वास ठेवला आणि वाफाळत्या घाट्याचा पहिला गोळा सूत्रांवर थापला. एकूण अठरा बिबड्या बसल्या.

अर्धवट वाळलेली बिबडी आणि कच्चे शेंगदाणे यापुढे मला काही सुचत नाही. अकराच्या सुमारास अक्का खाली पाणी प्यायला गेली आणि मी दोन बिबड्या सोडवून खाल्ल्या. चष्मा खाली राहिला होता. चव जराशी औषधी लागली, पण मला वाटलं, यंदा लसूण नवा आहे.

खाली येऊन चूळ भरली आणि आरशात पाहिलं. जीभ निळी!

साधी नाही, शाईच्या दौतीत बुडवून काढल्यासारखी निळी. पहिल्यांदा वाटलं, संपलं. शरीर निळं पडणं म्हणजे हृदयाचा मामला. मी मुकाट्याने पलंगावर आडवा झालो, छातीवर हात ठेवला, देवाचं नाव घेतलं आणि मनात सगळ्यांना क्षमा केली. (मला क्षमा मागावी लागेल, हे तेव्हा ध्यानात नव्हतं.) पाच मिनिटं झाली, मृत्यू काही येईना. मग हळूहळू उजेड पडला. निळं... मार्कर... कागद... लिहिलेली बाजू वर!

मी उठून जिन्याकडे धावणार, तोच फाटक वाजलं. श्रुती आली होती.

पुढचं मी फक्त ऐकलं. तिच्या खोलीचं दार. मग अशी किंकाळी, की शेजारचे लोक ओट्यावर आले.

"आई! माझा कागद!"

दोघी मायलेकी गच्चीवर धावल्या. मी वर्तमानपत्र घेतलं आणि मागोमाग गेलो. (वर्तमानपत्र का घेतलं, ते कळेलच.) प्रकाश दुपारच्या जेवणाला नुकताच आला होता, तोही एका पायात बूट घालून वर आला. गच्चीवर अक्का घाट्याने माखलेल्या हातांनी उभी होती, समोर कागद होता, आणि कागदावर बिबड्या होत्या. पोलिसांनाही याहून स्वच्छ पुरावा मिळत नाही.

श्रुतीने कागदाकडे बोट केलं. "परवा पेपर आहे! माझं सगळं त्याच्यावर होतं! अक्काआजी, तुला वाचता येत नाही, तर निदान कुणाला विचारायचं तरी!"

अक्काने हात पदराला पुसले. एरवी ती घाट्याचे हात कधी पदराला पुसत नाही.

वंदना माझ्याकडे वळली. "नाना, तुम्ही घरीच होतात ना? हा कागद वर कुणी आणला, पाहिलं का?"

आता खरं बोलायचं तर तोंड उघडावं लागणार. तोंड उघडलं तर जीभ दिसणार. मी बोललो नाही. मी फक्त वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर थोडं उंच धरलं आणि मान हलवली. त्याचा अर्थ व्हायचा तो झाला, की मी बुवा पेपर वाचत होतो. आयुष्यातलं सर्वांत मोठं खोटं मी तोंड न उघडता बोललो आहे.

अक्काने एकदाच माझ्याकडे पाहिलं. पेपरच्या वर माझे डोळे दिसत असणार. मग आळ स्वतःवर घेत ती श्रुतीला म्हणाली, "मीच लई उनू, पोरी. माले काय समजस? साफ दिखना, घाल्या बिबड्या."

श्रुती खाली बसली आणि गुडघ्यांत डोकं घालून रडू लागली. त्या पोरीचं वर्ष डोळ्यांदेखत वाळत होतं. वंदनाला काय करावं सुचेना, म्हणून तिने एक बिबडी सोडवली आणि नुसतीच उलटी केली.

"अगं श्रुती," ती म्हणाली, "याच्यामागे काहीतरी छापलंय बघ."

खरंच छापलं होतं! गरम घाट्याने सगळी शाई उचलली होती. एकेका बिबडीच्या पाठीवर दोन-दोन सूत्रं, निळी, लाल, हिरवी, ठसठशीत. फक्त उलटी.

मग जे सुरू झालं, ते रसायनशास्त्राच्या इतिहासात कुठे झालं नसेल. बिबड्या अलगद सोडवून कागदासकट खाली नेल्या आणि पलंगावर ज्या रांगेत होत्या त्या रांगेत मांडल्या. वंदनाने कपाटाचा आरसा काढून आणला. प्रकाश आरसा धरून वाचू लागला आणि श्रुती वहीत उतरवू लागली.

"ही घे, डेल्टा जी बरोबर... वंदना, तुझं बोट काढ... डेल्टा एच अधिक..."

"पप्पा, अधिक की वजा?"

"तीळ आहे गं तो! थांब, काढतो. वजा! तिळामुळे अधिक वाटलं."

"लाल बिबडी कुठली? ती आधी येते!"

"अगं, ती लाल शाई नाही, मिरची आहे."

मधेच श्रुतीला हसू फुटलं. आधी नाकातून, मग तोंडातून, मग ती पलंगाच्या कडेला लोळून हसली. वंदनाही हसली. मी ओठ घट्ट मिटून हसलो, त्याने कान दुखतात.

आणि मग प्रकाश म्हणाला, "सोळाच आहेत. कागदावर तर अठरा जागा दिसतात."

"दोन कमी?" श्रुती ताडकन उठली. "कुठल्या? तिसऱ्या रांगेतल्या... एन्ट्रॉपी! एन्ट्रॉपीच्या दोन बिबड्या कुणी खाल्ल्या?"

मी पेपरमध्ये बाजारभाव वाचू लागलो. वंदना म्हणाली, "नाना, तुम्ही तर नाही ना?" मी मान हलवली. जोरात. अक्का दाराशी उभी होती.

"कावळा लई ग्या व्हई," ती शांतपणे म्हणाली. "एक म्हतारा कावळा शे. रोज येस."

माझी मान पेपरमध्ये आणखी चार बोटं खाली गेली.

श्रुती त्या दोन रिकाम्या जागांकडे बघत राहिली. मग अक्काकडे पाहिलं. मग डोळे मिटले, आणि पुटपुटली, "एकेकच बिबडी." तिने पेन उचललं आणि लिहायला लागली. थांबली नाही. पान उलटलं. तिसऱ्या रांगेची सूत्रं झाली, तशी ती चौथीची पण लिहू लागली, आरशाकडे न बघता. प्रकाश बिचारा आरसा धरून तसाच उभा.

"पप्पा, ठेवा तो," ती म्हणाली. "येतंय मला. सगळं येतंय!"

संध्याकाळी तिने पोटभर भाकरी आणि शेवभाजी खाल्ली, आणि सगळ्यांसमोर अक्काच्या पायांवर डोकं ठेवलं. "अक्काआजी, मी वाईट बोलले. तुझ्यामुळेच मला कळलं, की मला येतं." अक्काने तिच्या केसांवरून हात फिरवला. खरं म्हणजे कुणामुळे, ते तिथे दोघांना माहीत होतं. त्यातल्या एकाची जीभ निळी होती.

अक्का आठ दिवसांसाठी आलेली, पण दुसऱ्याच दिवशी निघाली. म्हणाली, घरी काम आहे. मी तिला स्थानकावर पोचवायला गेलो, खिडकीची जागा मिळवून दिली आणि खाली उभा राहिलो. म्हटलं, आता सांगतो. गाडी सुरू झाली. तिने खिडकीतून वाकून खुणेने जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाली,

"नाना, घर जाईसन जिभले लिंबू चोळ. आजून निळी दिखी ऱ्हायनी."

आणि गाडी सुटली. वेळेवर! तीस वर्षांत धुळ्याची जी गाडी मला कधी वेळेवर सोडता आली नाही, ती त्या दिवशी मिनिटावर सुटली.

श्रुती पहिल्या वर्गात पास झाली. अक्का त्यानंतर आमच्याकडे बिबड्या घालायला आली नाही. गुडघे दुखतात म्हणते. दुखतही असतील. पण तेच गुडघे घेऊन ती धुळ्याच्या घरी तीन मजले चढते, हे मी पाहिलेलं आहे.

माफी मागायला मी कमी खेटे घातले नाहीत. पहिल्याच भाऊबीजेला ठरवून गेलो. पाटावर बसलो, तिने ओवाळलं, मी म्हणालो, "अक्का, तो कागद..."

"आधी तोंड उघड," ती म्हणाली आणि आख्खा पेढा आत घातला. पेढा संपेपर्यंत धैर्यही संपलं. पुढच्या वर्षी मी पेढा टाळण्यासाठी मधुमेहाचं निमित्त सांगितलं. तिने भाजलेले शेंगदाणे दिले, आणि माझ्याकडे बघत राहिली. ते शेंगदाणे मला गिळवेनात, मग बोलणार काय!

गेल्या महिन्यात पुन्हा गेलो होतो. तिला आता नीट दिसत नाही म्हणतात. मी ओसरीवर वहीत काही खरडत होतो, तर म्हणाली, "काय लिखत ऱ्हास रे तू दिनभर?"

"आठवणी, अक्का."

"त्यामा मी शे का?"

"शे ना."

"मंग चांगलं लिख," ती म्हणाली, आणि शेजारी पडलेलं वर्तमानपत्र उचलून वाचल्यासारखं डोळ्यांसमोर धरलं. हल्ली नातवंडं आजीला अक्षरं शिकवतात, असं ऐकलं होतं. मी वाकून पाहिलं. पेपर उलटा होता. सगळी अक्षरं डोक्यावर उभी. माझे हात शिवशिवू लागले, पण मी तो सरळ केला नाही.

घरी आलो आणि लिहायला बसलो. तेव्हा हे घ्या, स्वच्छ अक्षरात, एकही ओळ वाकडी न जाऊ देता: अक्का, तो कागद मी आणला होता, तुझं काही चुकलं नव्हतं, मला माफ कर.

अक्काला वाचता येत नाही, याची खात्री करून घेतल्याशिवाय एवढं मोठं वाक्य मला लिहिता आलं नसतं.